पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी

मुंबईत भायखळ्यास सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाच्या सान्निध्यात 1845 साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि 1851 साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत, पुढे प्राच्यविद्येत आणि कुष्ठरोगाच्या औषधशोधात सारखीच कीर्ती मिळवणारे भाऊ दाजी लाड होते. ग्रँट महाविद्यालयाच्याही तीन वर्षे आधी, 1842 मध्ये, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात वैद्यकीय विद्यालयाची स्थापना झाली होती, आणि बांबोळीचे आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आपली परंपरा त्या विद्यालयापर्यंत नेते. या प्रारंभापासून स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत डॉक्टरीच्या व्यवसायात शिरण्याचे मार्ग एकाहून अधिक होते, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. विद्यापीठाची पदवी हा एक मार्ग. आणि वैद्यकीय विद्यालयांतून थोड्या वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळवणे हा दुसरा. 1912 साली मुंबईत स्थापन झालेली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था एल. सी. पी. एस. ही परवान्याची परीक्षा घेत असे, आणि नावापुढे ती अक्षरे लावणारे डॉक्टर आपल्याकडील कित्येक तालुक्यांच्या गावी पिढीदोनपिढ्या रुग्णसेवा करीत राहिले.

ही द्विविध व्यवस्था मोडीत निघाली ती सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 1946 सालच्या अहवालानंतर. देशात यापुढे एकाच दर्जाचा, विद्यापीठातून शिकलेला डॉक्टर तयार व्हावा, अशी समितीच्या बहुमताची शिफारस होती. परवानाधारक डॉक्टरांचे शिक्षण आणखी काही काळ चालू ठेवावे असे म्हणणारे सभासदही तीत होते, पण त्यांचे मत मागे पडले. पुण्याच्या बैरामजी जीजीभॉय विद्यालयाचे महाविद्यालयात रूपांतर झाले तेही 1946 मध्येच. रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता असेच मी मानतो, कारण खेड्यातल्या रोग्याच्या वाट्याला कमी शिकलेला डॉक्टर यावा यात न्याय नाही. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणाला एकाच दरवाज्यासमोर उभे राहणे भाग पडले, आणि त्या दरवाज्यातून ज्यांना आत जाता आले नाही त्यांच्यासाठी ज्या अन्य पदव्या होत्या किंवा मागाहून निघाल्या, त्यांच्याकडे समाज नाकारलेल्यांचा आसरा म्हणून पाहू लागला. दंतवैद्यक, आयुर्वेद, भौतिकोपचार, पशुवैद्यक, परिचर्या ही प्रत्येक विद्या स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण असताना त्यांची एक उतरती भाजणी लोकांच्या मनात तयार झाली, आणि आजही आपल्या घराघरांतून मुलांच्या आयुष्याचे निर्णय त्याच भाजणीवर होत आहेत.

दरवाजा एकच राहिला, पण त्याची जागा मात्र वारंवार बदलत गेली. इंटर सायन्सच्या गुणांवर प्रवेश मिळण्याचा एक काळ होता. पुढे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि बारावीच्या गुणांना ते महत्त्व प्राप्त झाले. बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या त्या दिवसांत लातूरच्या महाविद्यालयांनी अध्यापनाची आणि सरावाची जी शिस्त बसवली ती ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर गाजली. 1999 पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली. अखिल भारतीय ‘नीट’ प्रथम 5 मे 2013 रोजी घेतली गेली, त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, एप्रिल 2016 मध्ये तो निकाल मागे घेऊन न्यायालयाने ती पुन्हा प्रस्थापित केली. त्या वर्षी ऐन हंगामात राज्याच्या जागांपुरती सूट देणारा वटहुकूम निघाला, आणि 2017 पासून महाराष्ट्रातील सर्व प्रवेश तिच्या कक्षेत आले. 2020 पासून एम्स आणि जिपमर यांच्या स्वतंत्र परीक्षाही संपुष्टात आल्या. या घडामोडींत ज्यांची बारावीची वर्षे सापडली त्या मुलांनी सोसलेल्या अनिश्चिततेची नोंद कोणत्याही निकालपत्रात झालेली नाही.

परीक्षेचे सध्याचे स्वरूप थोडक्यात सांगण्यासारखे आहे. भौतिकशास्त्राचे 45, रसायनशास्त्राचे 45 आणि जीवशास्त्राचे 90 असे 180 प्रश्न, त्यांसाठी 180 मिनिटे. बरोबर उत्तरास 4 गुण, चुकीच्या उत्तरास 1 गुण वजा, एकूण गुण 720. काही वर्षे पर्यायी प्रश्नांची सवलत होती, ती 2025 पासून काढून घेण्यात आली. प्रत्येक प्रश्नाला सरासरी एक मिनिट पडत असले तरी सर्व प्रश्नांना सारखाच वेळ देणारा उमेदवार भौतिकशास्त्रात अडकतो. जीवशास्त्राचे 90 प्रश्न ज्याला 50 मिनिटांत निर्दोष सोडवता येतात त्याच्या हाती उरलेल्या 90 प्रश्नांसाठी 130 मिनिटे राहतात, आणि खरी कसोटी त्या मिनिटांतच लागते. जीवशास्त्राला आणखीही एक महत्त्व आहे: दोन उमेदवारांचे एकूण गुण समान आले तर प्रथम जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि त्यानंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहून क्रम ठरतो.

वजा गुणांविषयी विद्यार्थ्यांत जी भीती असते तिचा हिशेब एकदा कागदावर मांडलेला बरा. काहीही ठाऊक नसता चार प्रश्न अंदाजाने सोडवले तर सरासरीने एक बरोबर व तीन चूक येतील, म्हणजे 4 मिळून 3 जातील आणि चार प्रश्नांमागे जेमतेम एक गुण पदरात पडेल. तोही सरासरीने, एखाद्या दिवशीचे दैव उलटे असले तर तेवढाही नाही. पण चारांपैकी दोन पर्याय निश्चितपणे खोडता आले, तर तशा प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुणाची प्राप्ती होते. म्हणून आंधळा अंदाज आणि विचारपूर्वक केलेला अंदाज यांतील भेद सरावाच्या चाचण्यांतच अंगी बाणला पाहिजे. परीक्षेच्या दालनात तो शिकता येत नाही.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी बाजारात इतके सांगितले जाते की येथे दोनच गोष्टींचा उल्लेख करतो. पहिली अशी की एन. सी. ई. आर. टी.ची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तके, आकृत्यांखालील ओळींसह, पुनःपुन्हा वाचण्याला पर्याय नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकांवर बारावी करणाऱ्या विद्यार्थ्याने ही जोडणी अकरावीच्या पहिल्या सत्रापासूनच करावी, बारावीच्या लेखी परीक्षेनंतर उरणाऱ्या काही आठवड्यांवर ती सोपवू नये. दुसरी गोष्ट भाषेची. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. परंतु आपल्याकडे अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जात असल्यामुळे दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा मध्येच लोंबकळत राहतो. मराठी प्रश्नपत्रिका द्विभाषिक असते आणि अनुवादात संदेह उत्पन्न झाल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जातो. तेव्हा ज्याला प्रश्नाचा आशय मराठीत चटकन उमगतो त्याने तो पर्याय निःसंकोच घ्यावा, मात्र पारिभाषिक संज्ञा दोन्ही भाषांत ओळखीच्या करून ठेवाव्यात.

निकाल लागल्यावर पहिली दिशाभूल गुणांमुळे होते. 2024 मध्ये प्रारंभीच्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 गुण मिळाले होते. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या आरोपांनी आणि वाढीव गुणांच्या वादाने ते वर्ष ग्रासले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निकाल सुधारून लावावा लागला. पुढच्याच वर्षी, 2025 मध्ये, देशातील सर्वोच्च गुण 686 होते. एका वर्षीचे 600 आणि दुसऱ्या वर्षीचे 600 यांची किंमत सारखी नसते. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी किती गुणांना कोणते महाविद्यालय मिळाले ही माहिती म्हणूनच निरुपयोगी, विचारायचे ते किती क्रमांकाला मिळाले हे. दुसरी दिशाभूल ‘पात्र’ या शिक्क्यामुळे होते. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा 50 पर्सेंटाइल ही आहे, 50 टक्के ही नव्हे. 2025 मध्ये ती 144 गुणांवर, म्हणजे एकूण गुणांच्या एकपंचमांशावर आली. त्या वर्षी परीक्षेस बसलेल्या सुमारे 22 लाखांपैकी 12 लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले, आणि देशातील एम. बी. बी. एस.च्या जागा, शासकीय व खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास होत्या. पात्र ठरल्याचा पेढा वाटणाऱ्या घरातील आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. परंतु दहापैकी नऊ पात्र विद्यार्थ्यांना त्या जागा मिळणार नाहीत हे गणित निकालाच्या आधी त्या घरात पोहोचलेले असावे, एवढीच माझी तळमळ आहे.

कारण परीक्षेची तयारी आणि पदवीची निवड हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि आपण पहिल्याला दोन-तीन वर्षे देतो व दुसऱ्याला पसंतीक्रम भरण्याच्या मुदतीचे दोन-तीन दिवस. लातूर-नांदेडला खोली घेऊन, खानावळीचा डबा खाऊन, पहाटेपासून रात्रीपर्यंत चाचण्या देणाऱ्या मुलीला अवतल भिंगाच्या नाभीय अंतराचे सूत्र तोंडपाठ असते. पण शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालय यांपैकी काय घ्यावे असे विचारले असता तिच्यापाशी भाऊ, मामा आणि शिकवणीचे सर यांच्या मतांपलीकडे काही नसते. वास्तविक त्या निर्णयावर तिच्या पुढच्या चाळीस वर्षांचे दिवस कसे जातील हे अवलंबून आहे. या पदव्यांच्या दरम्यानचा फरक प्रतिष्ठेपेक्षा कामाच्या स्वरूपाचा आहे, आणि तो ज्याचा त्याने जाणून घ्यायला हवा.

एम. बी. बी. एस. हा साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाच्या आंतरवासितेचा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहण्याची सवय तेथेच होते किंवा होत नाही. दुसऱ्यात विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. आणि अखेरच्या टप्प्यात औषधवैद्यक, शल्य, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग. पण आज केवळ या पदवीवर थांबणारे थोडे. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची तशीच कठीण परीक्षा, मग तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून अहोरात्र कक्षांत राबणे, असे करता करता अठराव्या वर्षी निघालेला तरुण तिशीच्या जवळ येऊन स्थिरावतो. घरात कर्ता कोणी नाही, धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हायचे आहे, अशा मुलाने हा काळ डोळ्यांसमोर ठेवूनच या वाटेला लागावे. त्याने लागू नये असे नाही, पण त्याने आणि त्याच्या घराने तो हिशेब एकत्र बसून केलेला असावा.

बी. ए. एम. एस. विषयी अधिक विस्ताराने लिहिणे मला अवश्य वाटते, कारण महाराष्ट्रात या पदवीइतकी वाईट कारणांसाठी घेतली जाणारी दुसरी पदवी नसेल. पुण्यास 1933 साली टिळक आयुर्वेद महाविद्यालय स्थापन करणाऱ्यांच्या मनात आयुर्वेद हे स्वतंत्र शास्त्र म्हणून शिकवले जावे ही आकांक्षा होती, आणि आजच्या अभ्यासक्रमातही विद्यार्थ्याला संस्कृत, पदार्थविज्ञान, रचनाशारीर, क्रियाशारीर, अष्टांगहृदय व चरकसंहिता यांचा प्रत्यक्ष अभ्यास करावा लागतो. ज्याला श्लोकाचा अन्वय लावण्यात रस आहे, द्रव्यगुणाचे विवेचन वाचताना ज्याची जिज्ञासा जागी होते, पथ्यापथ्याचा विचार ज्याला मूलभूत वाटतो, त्याला या पदवीत आयुष्यभर पुरेल एवढे कार्य आहे. परंतु ‘नावापुढे डॉक्टर तर लागेल, पुढे ॲलोपॅथीच करायची आहे’ या हिशेबाने जो येतो तो साडेपाच वर्षे ज्या शास्त्रावर आपला विश्वास नाही त्याच्या परीक्षा देत राहतो, आणि बाहेर पडल्यावर ज्या औषधांचे पुरेसे शिक्षण मिळाले नाही ती लिहू लागतो. अशा व्यवसायाच्या मर्यादांविषयीचे वाद न्यायालयांपर्यंत गेलेले आहेत. त्यात विद्यार्थ्याचे नुकसान आहे, रोग्याचे आहे, आणि आयुर्वेदाचे तर सर्वांत अधिक आहे.

दंतवैद्यक हे मुख्यतः हाताचे काम. ज्याला बारीक, नेटके आणि एकाग्र काम आवडते त्याला ते मानवते, मात्र स्वतःचा दवाखाना उभारायचा तर खुर्चीपासून यंत्रांपर्यंत भांडवल लागते आणि मोठ्या शहरांत स्पर्धा तीव्र आहे. भौतिकोपचाराच्या पदवीत रोगी एकदा येऊन जात नाही, तो पंधरा-वीस वेळा येतो. पक्षाघातानंतर पहिले पाऊल टाकणाऱ्या माणसाचा हात धरून उभे राहण्याचा धीर ज्याच्यापाशी आहे त्याने हिचा विचार अग्रक्रमाने करावा. वाचा व श्रवणदोष, कृत्रिम अवयव यांच्या पदव्यांची नावेही बहुतेक पालकांनी ऐकलेली नसतात. मुंबईत अली यावर जंग संस्था आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था ही त्यांची मान्यवर केंद्रे आहेत. परिचर्येच्या पदवीसाठी राज्याची निराळी सामायिक परीक्षा असते, आणि रुग्णाच्या सर्वाधिक सहवासात राहणाऱ्या या व्यवसायाकडे मुलांनीही वळावे असे मला मनापासून वाटते.

पशुवैद्यकाचा विषय काढला की शहरातील घरांत नाके मुरडली जातात. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चे. आज ते नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहे, आणि परभणी, उदगीर, शिरवळ येथेही शासकीय महाविद्यालये आहेत. अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा. गाभण म्हशीचे अडलेले वेत सोडवायला मध्यरात्री गोठ्यात उतरावे लागते, रोगी बोलून काही सांगत नाही, आणि एका जनावराच्या जगण्यावर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या, जनावरांची उपजत जाण असलेल्या मुलामुलींनी ही पदवी नाइलाजाने नव्हे, पहिल्या पसंतीने घेतल्याची उदाहरणे वाढावीत, अशी माझी उत्कट इच्छा आहे.

हे सारे वाचून कळते त्याहून पाहून अधिक कळते. दहावीची किंवा अकरावीची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत एक सकाळ जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, एक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, एक एखाद्या ओळखीच्या दंतवैद्याकडे किंवा भौतिकोपचार केंद्रात रीतसर परवानगी घेऊन बसावे. तेथील कामाचा कंटाळवाणा भाग कोणता हे आवर्जून विचारावे. प्रत्येक व्यवसायाचा गौरवशाली भाग सर्वांनाच ठाऊक असतो, आणि रोजच्या कंटाळवाण्या भागाशी जमवून घेता येते की नाही यावर माणूस त्या व्यवसायात टिकतो.

आता प्रत्यक्ष प्रवेशाची व्यवस्था. शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते, अभिमत विद्यापीठांतील प्रवेशही तिच्यामार्फत होतात. उरलेल्या 85 टक्के जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो. त्यांसाठी सामान्यतः महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे आवश्यक. सीमाभागातील 865 मराठी गावांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि बेळगाव-निपाणीकडील पालकांनी तिचा तपशील त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत अवश्य पाहावा. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागवार 70:30 वाटणी 2020 मध्ये रद्द झाली, तेव्हा त्यापूर्वीच्या वर्षांच्या कटऑफवर विसंबणे व्यर्थ आहे.

पसंतीक्रम भरताना पाळण्याचा नियम सोपा आहे आणि तो सर्रास मोडला जातो: ‘मिळेल’ असे वाटते ते वर न लिहिता, ‘हवे’ आहे ते वर लिहावे. संगणक क्रमांकानुसार यादी वरून खाली पाहतो. न मिळण्याजोगे महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. उलट, खरोखर नको असलेले नाव केवळ यादी लांबवण्यासाठी लिहिले आणि नेमके तेच मिळाले, तर अनामत, मुदत आणि पुढील फेऱ्यांतील अधिकार यांचे प्रश्न उभे राहतात. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर ती कायम ठेवण्याचा ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज मुदतीत भरावा लागतो, आणि तो न भरल्यामुळे जवळचे महाविद्यालय जाऊन दूरचे पदरी पडल्याची तक्रार मागाहून कोणी ऐकून घेत नाही. शुल्काचाही विचार यादी करतानाच व्हावा: शासकीय महाविद्यालयात वर्षाला साधारण लाख-दीड लाखाच्या घरात असलेला आकडा खासगीत अनेक पटींनी वाढतो, आणि अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या पुढेही जातो. शासकीय पदवीनंतर एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची अट असते, तीही हमीपत्रावर सही करण्यापूर्वी वाचावी.

दाखल्यांच्या बाबतीत मी प्रत्येक पालकाला कळकळीने सांगेन की अकरावीच्या वर्षातच तहसील कचेरीची पायरी चढा. अधिवास, उत्पन्न, नॉन क्रिमीलेयर ही प्रमाणपत्रे तुलनेने लवकर मिळतात. जात वैधता प्रमाणपत्रासाठी मात्र आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांपासून महसुली दप्तरातील नोंदींपर्यंत पुरावे गोळा करावे लागतात, पडताळणी समितीपुढील प्रकरण महिनोन्‌महिने चालू शकते, आणि वैधतेअभावी राखीव जागेवरचा हक्क ऐन वेळी गमावण्याची पाळी ज्या घरांवर येते ती बहुधा पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे निघालेली घरे असतात.

राहिला प्रश्न पुन्हा परीक्षा देण्याचा. प्रयत्नांना मर्यादा नाही, वयाची वरची अटही आता राहिलेली नाही. म्हणूनच मर्यादा घरानेच ठरवायला हवी, आणि ती निकालाच्या आधी ठरवावी, निकालाच्या रात्री नव्हे. पहिल्या प्रयत्नात अभ्यासक्रमच पुरा झाला नव्हता, आजारपण आले, किंवा एका विषयाने घात केला आणि तो सुधारण्याजोगा आहे, अशी सांगता येण्यासारखी कारणे असतील तर एक वर्ष जरूर द्यावे. कारण सांगता येत नसेल आणि मुलाच्या तोंडून ‘घरचे म्हणतात म्हणून’ एवढेच निघत असेल, तर ते वर्ष देऊ नये. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, जो बोलेनासा झाला आहे, त्याच्याशी क्रमांकाविषयी एक अक्षरही न बोलता त्याला प्रथम घरी आणावे आणि डॉक्टरांना दाखवावे. कोणतीही जागा त्याहून मोठी नाही. आणि प्रत्येकाने बारावीला जीवशास्त्राबरोबर शक्य असल्यास गणितही ठेवावे, त्याच वर्षी राज्याची सीईटीही द्यावी, म्हणजे औषधनिर्माण, कृषी, जैवतंत्रज्ञान यांची दारे खुली राहतात, आणि जूनमध्ये निकाल काहीही लागला तरी जुलैत अर्ज भरायला दुसरी जागा शिल्लक असते.